बर्फात अडकलेली मोटार : ऊब आणि विषवायू

व्याख्यानाचा विषय पत्रिकेत छापून आला, तेव्हा आमच्या एका जुन्या स्नेह्यांनी आम्हांस भर रस्त्यात गाठले. "अहो, इथे उन्हाने जीव नकोसा झाला आहे, पंख्याखालीदेखील बसवत नाही, आणि तुम्ही बर्फात अडकलेल्या मोटारीत ऊब कशी धरावी हे सांगणार? हा काय वसंतातला विषय झाला?" त्यांचे म्हणणे ऐकायला ठीक होते. पण बोलता बोलता त्यांनीच सांगितले की, यंदा नाताळच्या सुटीत त्यांचा मुलगा, सून आणि दोन नातवंडे मनालीला जायची आहेत आणि विमानाची तिकिटे स्वस्तात मिळाली म्हणून ती आत्ताच काढून ठेवली आहेत. आम्ही त्यांना म्हटले, मग तुम्ही अगदी पहिल्या रांगेत येऊन बसा. हिमालयातल्या थंडीचे बेत आपल्याकडे उन्हाळ्यातच ठरतात. डिसेंबर उजाडला की कानटोप्यांच्या खरेदीपलीकडे कोणाचे लक्ष जात नाही. शिवाय आपल्यापैकी कितीतरी जणांची मुलेबाळे अमेरिकेत आणि कॅनडात मोटारी हाकीत असतात. त्यांच्या दृष्टीने तर हा विषय दर वर्षाचा आहे.

एका घटनेपासून सुरुवात करू. पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या डोंगरात मरी नावाचे थंड हवेचे ठिकाण आहे. इंग्रजांनी वसविलेले, सुमारे साडेसात हजार फूट उंचीवरचे. मुंबई-पुण्याच्या माणसाला जसे लोणावळे-महाबळेश्वर, तसे इस्लामाबाद-रावळपिंडीच्या माणसाला हे मरी. बर्फ पडू लागले की माणसे मुलाबाळांना घेऊन ते पाहायला निघतात. जानेवारी 2022 मध्ये अशीच गर्दी लोटली. 7 तारखेच्या रात्री बर्फाचे वादळ झाले, झाडे मोडून रस्त्यांवर पडली आणि हजारो मोटारी जागच्या जागी रुतल्या. दुसऱ्या दिवशी मदत पोचली तेव्हा मोटारींतून बावीस माणसे मेलेली निघाली; त्यांत दहा मुले होती. काही माणसे गारठून गेली होती. पण काही गेली ती हीटरसाठी रात्रभर चालू ठेवलेल्या इंजिनाच्या विषारी वायूने. बर्फापासून वाचण्यासाठी काचा लावून, हीटर चालू करून, मुलांना जवळ घेऊन ती झोपली होती. आपणही त्या जागी असतो तर दुसरे काय केले असते?

आम्ही काय केले असते हे आम्हांला नेमके ठाऊक आहे, कारण आम्ही ते केले आहे. 23 डिसेंबर 2024 रोजी मनालीच्या वर सोलांग आणि अटल बोगदा यांच्या दरम्यान बर्फ पडून सुमारे हजार वाहने अडकली, ही बातमी पुष्कळांना आठवत असेल. त्या रांगेत एक पांढरी ऑल्टो टॅक्सी होती आणि तीत आम्ही, आमच्या सौ., वहिनी आणि कॉलेजात शिकणारा पुतण्या असे चौघे होतो. बोगद्यापलीकडचे बर्फ पाहून परतताना दुपारनंतर भुरभुर सुरू झाली. रस्ता काचेसारखा गुळगुळीत झाला. एका वळणावर आमची गाडी मागच्या मागे घसरली आणि कडेला साचलेल्या बर्फाच्या ढिगात तिचा पार्श्वभाग जाऊन टेकला. धक्का एवढा हलका होता की वहिनींच्या मांडीवरची चिक्कीची पुडीदेखील पडली नाही. पुढे रांग, मागे रांग. ड्रायव्हर कुलूचा पंचविशीतला मुलगा होता. तो म्हणाला, आता पोलीस काढतील तेव्हाच निघायचे.

त्याने इंजिन बंद केले. पाच मिनिटांत पाय गार पडू लागले आणि आम्ही त्याला हीटर लावायला सांगितले. त्याने लावला, दहा मिनिटांनी पुन्हा बंद केला. आम्ही पुन्हा सांगितले. तिसऱ्या वेळी आमचा आवाज चढला. हा पेट्रोल वाचवतो आहे, असे आम्ही सौं.ना मराठीत म्हणालो, आणि ते त्याला समजले असावे. तो काही बोलला नाही. इंजिन चालू ठेवले आणि पुढच्या गाडीवाल्याशी बोलायला खाली उतरून गेला. गाडी छान उबली. वीस-पंचवीस मिनिटांनी पुतण्या म्हणाला, "काका, डोकं फार चढलंय." वहिनींना मळमळत होते. आम्ही म्हटले, उंचीचा त्रास असेल. इतक्यात तो मुलगा परत आला, त्याने आमच्या तोंडाकडे पाहिले, हात घालून किल्ली फिरवली आणि चारही दारे उघडली. "साहब, सब नीचे उतरो, पहले हवा खाओ." मग गाडीमागे जाऊन त्याने डिकीतले एक जुने स्टीलचे ताट काढले आणि बर्फ उपसू लागला. सायलेन्सरची नळी त्या ढिगात चांगली वीतभर रुतलेली होती. गाडी घसरली त्या क्षणापासून ती तशीच असणार. अंधार आणि गोंधळ यांत तीकडे पाहण्याचे त्यालाही सुचले नव्हते. इंजिन थोडा थोडा वेळच चालवायचे, ही उस्तादाने घालून दिलेली सवय तेवढी तो पाळत होता, आणि ती आम्ही मोडायला लावली होती.

ती डोकेदुखी उंचीची होती की वायूची, हे आज छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. बोगदा समुद्रसपाटीपासून दहा हजार फुटांवर आहे, आणि एवढ्या उंचीवर मैदानातल्या माणसाचे डोके वायूशिवायही दुखते. मात्र मोकळ्या हवेत पाव तास उभे राहिल्यावर ती बरीच उतरली, हे खरे. या गोष्टीतली अडचण हीच आहे: ज्या ठिकाणी हा वायू माणसाला गाठतो तेथे डोके दुखायला, मळमळायला आणि झोप यायला दुसरी पुष्कळ सयुक्तिक कारणे हजर असतात. उंची असते, घाटाची वळणे असतात, दिवसभराचा शीण असतो. माणूस त्यांतले एखादे कारण पसंत करतो आणि डोळे मिटतो.

आता हा वायू कोणता ते पाहू. कोळसा, लाकूड, पेट्रोल, स्वयंपाकाचा गॅस, काहीही पूर्ण जळले की त्यातल्या कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होतो. प्राणवायू कमी पडून ज्वलन अर्धवट राहिले की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. तो नाकाडोळ्यांना झोंबत नाही. धूर दिसला तर माणूस खोकतो आणि खिडकी उघडतो. या वायूच्या बाबतीत तशी सूचना मिळत नाही. आपल्याकडे हिवाळ्यात वर्तमानपत्रांत अधूनमधून एक बातमी येते: बंद न्हाणीघरात गॅसचा गीझर लावून आंघोळ करणारे माणूस बेशुद्ध होऊन दगावले. किंवा रात्री खोलीत कोळशाची शेगडी ठेवून दारे लावून झोपलेले कुटुंब सकाळी उठलेच नाही. न्हाणीघर, शेगडी आणि मोटार ही नावे वेगळी; मारणारा एकच.

त्याचे काम रक्तात चालते. फुप्फुसांतून प्राणवायू उचलून शरीरभर पोचविण्याचे काम तांबड्या पेशींतले हिमोग्लोबिन करते. कार्बन मोनॉक्साइडची या हिमोग्लोबिनशी चिकटण्याची ओढ प्राणवायूपेक्षा दोनशे ते अडीचशे पटींनी अधिक आहे. याचा अर्थ हिशेबात मांडला तर अंगावर काटा येतो. हवेत प्राणवायू एकवीस टक्के असतो. त्याच्या दोनशेव्या हिश्शाएवढा, म्हणजे हजार भागांत केवळ एक भाग, जरी कार्बन मोनॉक्साइड हवेत मिसळला आणि माणूस ती हवा काही तास घेत राहिला, तरी त्याच्या रक्तातली निम्मी जागा हा वायू बळकावतो. श्वास चालू, छाती हलते आहे, हवेत प्राणवायूही आहे. पण तो वाहून नेणाऱ्या गाड्याच दुसऱ्याने अडविलेल्या. उंचीवर तर प्राणवायू मुळातच विरळ असतो. दहा हजार फुटांवर त्याचा दाब समुद्रकाठच्या सुमारे सत्तर टक्केच राहतो. तेव्हा तेवढाच विषवायू तेथे अधिक नुकसान करतो.

इंग्लंडात जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञाने 1890 च्या दशकात हा वायू स्वतः हुंगून त्याचे परिणाम टिपून ठेवले. कोळशाच्या खाणीत स्फोट झाला की बहुतेक माणसे भाजून मरत नाहीत, स्फोटानंतर पसरणाऱ्या या वायूने मरतात, हे त्याने दाखविले. लहान प्राण्यांचा श्वास जलद चालतो, म्हणून त्यांच्यावर परिणाम आधी दिसतो. या कारणाने खाणीत पिंजऱ्यातून कॅनरी पक्षी न्यावेत, ही सूचना त्याचीच. ब्रिटिश खाणींत हे पक्षी थेट 1986 पर्यंत होते. मोटारीत असा पक्षी नसतो. पण लहान मूल असते, आणि त्याचाही श्वास आपल्यापेक्षा जलद चालतो. मूल किरकिरू लागले किंवा अकारण पेंगू लागले तर ते थकले आहे अशी समजूत करून घेण्याआधी गाडीमागची नळी पाहून यावे.

नव्या मोटारींना धूर शुद्ध करणारे उत्प्रेरक यंत्र असते, मग भीती कशाची, असे कोणी विचारील. हे यंत्र चांगले तापल्याशिवाय काम करीत नाही, आणि गारठलेले इंजिन सुरू होते तेव्हाच्या पहिल्या काही मिनिटांतच विषवायू सर्वांत जास्त निघतो. त्यातून नळीचे तोंड बर्फाने बंद झाले की धूर माघारी फिरतो. सांध्यांतून झिरपतो, गाडीखाली कोंडतो आणि तळाच्या फटींतून आत येतो. अंगणात उभी असलेली मोटारही याला अपवाद नाही. जानेवारी 2016 मध्ये अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातल्या पॅसेइक गावी एक गृहस्थ मोटारीभोवतीचे बर्फ फावड्याने काढीत होते. थंडी लागू नये म्हणून त्यांनी पत्नीला आणि दोन मुलांना इंजिन चालू करून आत बसविले. नळी बर्फाखाली होती. पत्नी आणि एक वर्षाचा मुलगा गेले; तीन वर्षांची मुलगी काही दिवसांनी इस्पितळात गेली. बाहेर काम करणारा माणूस वाचला. फावडे आधी गाडीच्या मागे चालले असते, तर ही गोष्ट आम्हांला सांगावी लागली नसती. फेब्रुवारी 1978 मध्ये बॉस्टनजवळच्या एकशे अठ्ठावीस क्रमांकाच्या हमरस्त्यावर तीन हजारांहून अधिक मोटारी हिमवादळात गाडल्या गेल्या. तेथेही चौदा माणसे याच वायूने गेल्याची नोंद आहे. म्हणजे मरीची घटना घडण्यापूर्वी चव्वेचाळीस वर्षे ही गोष्ट जगाला माहीत होती.

तर मग ऊब आणायची कोठून? येथे थोडे गणित करू, आणि ते आशादायक आहे. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीरातून साधारण शंभर वॅट उष्णता सतत बाहेर पडत असते. आपल्या लहानपणी खोलीत लागत असे त्या पिवळ्या दिव्याएवढी. चार माणसे म्हणजे चारशे वॅटची शेगडी झाली, आणि तिला सायलेन्सर लागत नाही. ही उष्णता मोटारीच्या पत्र्याला आणि काचांना देऊन टाकायची, की आपल्यातच ठेवायची, एवढाच प्रश्न असतो. हीटर लावणारा माणूस सगळी मोटार तापवायला पाहतो, आणि पत्रा ती ऊब लागलीच बर्फाला देतो. आपण माणसे तेवढी तापवावीत.

म्हणून चौघांनी मागच्या बाकावर एकत्र यावे. मुले मधे, मोठी माणसे कडेला. येथे आपल्याकडच्या लोकांना जरा संकोच वाटतो, सासऱ्यांच्या शेजारी सून कशी बसेल वगैरे. तो संकोच मनालीच्या हॉटेलात पोचल्यावर पुन्हा धरावा. ओले मोजे आणि हातमोजे आधी काढावेत, कारण ओले कापड कोरड्यापेक्षा कितीतरी वेगाने उष्णता पळवते. बुटांच्या नाड्या सैल कराव्यात. घट्ट बुटात रक्त खेळत नाही आणि पाय आधी बधिर होतात. आपल्या आज्यांची गोधडी जाड लोकरीची नसूनही उबदार का असते? थरांमध्ये हवा अडकते म्हणून. तेच तत्त्व येथे चालवावे. दोन पातळ स्वेटर एका जाड कोटापेक्षा बरे. वर्तमानपत्राचे कागद चुरगळून सदरा आणि स्वेटर यांच्यामध्ये भरले तर हसू येईल, पण ऊब राहील. पायाखालची मॅट काचेला लावावी, बसण्याच्या गादीचे आच्छादन काढून पांघरावे, बॅगेतले सगळे धुवट-मळके कपडे अंगावर चढवावेत. सहलीला गेलेल्या कुटुंबाच्या बॅगेत एवढे कपडे असतात की, रात्र काढणे मुळीच अवघड नाही. अडचण इतकीच की बॅग वर टपावर बांधलेली असते. बर्फाळ घाटात निघताना निदान शाली आणि कोरडे मोजे हाताशी ठेवावेत.

यावर हीटर हवाच असेल तर तासातून दहा मिनिटे. मोटारीचा हीटर म्हणजे इंजिनाच्या तापलेल्या पाण्यावरून वारा फिरवून आत सोडण्याची सोय. त्यामुळे इंजिन थांबविल्यावरही थोडा वेळ ऊब येत राहते. दर वेळी इंजिन सुरू करण्याआधी एकाने उतरून नळीभोवतीचे बर्फ हातभर बाजूला करावे. एकदा काढले की झाले असे नाही. बर्फ पडत असते, वाऱ्याने उडत असते, शेजारच्या गाडीचे चाक फिरून ढीग लोटते. इंजिन चालू असेपर्यंत वाऱ्याच्या उलट बाजूची एक काच बोटभर खाली ठेवावी. ही काच इंजिन बंद असतानाही अधूनमधून उघडावी, कारण सर्व बाजूंनी बर्फाने लिंपलेल्या गाडीत चार माणसांच्या श्वासानेही हवा खराब होते. मात्र उघडी काच हा नळी साफ करण्याला पर्याय नव्हे. नळी बंद असेल तर बोटभर फटीतून विषवायू पुरेसा बाहेर जाईल, असे समजू नये. दहा मिनिटांच्या नियमाने पेट्रोलही पुरते. लहान मोटारीचे इंजिन जागेवर चालत राहिले तर तासाला अर्धा ते एक लिटर पेट्रोल घेते. तासातून दहाच मिनिटे चालविले तर तेवढेच पेट्रोल सहा तास जाते. पण मुख्य लाभ पेट्रोलचा नाही. बाकीची पन्नास मिनिटे इंजिन बंद असल्यामुळे विषवायू तयारच होत नाही, हा आहे. त्या दहा मिनिटांत कोणीही झोपू नये. रात्रीही पाळीपाळीने एक माणूस जागे असावे.

शेगडी, स्टोव्ह, काश्मिरातली कांगडी यांपैकी काहीही बंद मोटारीत घेऊ नये, हे आता वेगळे सांगायला नको. काही परदेशी पुस्तकांत डब्यात मेणबत्ती लावून ठेवण्याचा सल्ला असतो. मेणबत्ती सुमारे ऐंशी वॅट उष्णता देते, म्हणजे एका माणसापेक्षा थोडी कमी. त्यापायी गाद्या, लोकर आणि कागद भरलेल्या जागेत ज्योत पेटती ठेवणे आम्हांला पटत नाही. एक माणूस जवळ घ्यावा. मद्याविषयीही गैरसमज पुष्कळ आहे. घोटभर घेतले की ऊब वाटते, ती त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावल्यामुळे. आतली उष्णता कातडीवर येते आणि तेथून निघून जाते. वर माणूस बेफिकीर होतो, हे निराळेच. तहान लागली म्हणून बर्फ चघळू नये. लिटरभर पाणी होईल एवढे बर्फ शरीराने वितळवून अंगाच्या तापमानाला आणायचे तर सुमारे एकशेसतरा उष्णांक लागतात, म्हणजे एका पोळीची कमाई गेली. त्यापेक्षा हीटर चालू असतो त्या दहा मिनिटांत बाटलीत बर्फ भरून ब्लोअरच्या तोंडाशी धरावे. खायचे मात्र थांबवू नये. वहिनींची शेंगदाण्याची चिक्की त्या रात्री आम्हां पाच जणांना पहाटेपर्यंत पुरली.

गारठण्याची लक्षणे ठाऊक असावीत. अंगाचे आतले तापमान सदतीसवरून पस्तिसाच्या खाली गेले की धोका सुरू होतो. आधी हुडहुडी भरते. ती चांगली खूण आहे, शरीर स्वतःला तापवते आहे. मग बोटे ऐकत नाहीत, बोलणे अडखळते, माणूस असंबद्ध वागू लागतो. थंडी तशीच असून हुडहुडी थांबली, तर प्रकृती सुधारली असे समजू नये. ती बिघडलेली असते. अशा माणसाला कोरडे करून सर्वांच्या मधे घ्यावे. आणि वायूची शंका असेल, म्हणजे एकाच गाडीतल्या दोघातिघांचे डोके एकदम दुखू लागले असेल, तर इंजिन बंद, दारे उघडी, माणसे बाहेर. थंडीचा विचार मग. मोकळ्या हवेत रक्तातला निम्मा विषवायू उतरायला चार-पाच तास लागतात. इस्पितळात मुखवट्यातून शुद्ध प्राणवायू दिला तर तास-दीड तासात. तेव्हा बरे वाटले तरी डॉक्टरांना दाखवावे. पर्यटकांना विकतात त्या प्राणवायूच्या लहान डब्यावर भिस्त ठेवू नये. तो काही मिनिटांत संपतो.

येथे एका उपकरणाविषयी सांगितलेच पाहिजे. करोनाच्या साथीत 2020-21 मध्ये घरोघरी बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले, आणि आता लोक ते हिमालयात बरोबर नेतात. उंचीच्या त्रासासाठी ते उपयोगी आहे. पण विषवायूने व्यापलेले हिमोग्लोबिन आणि प्राणवायूने भरलेले हिमोग्लोबिन यांतला फरक या उपकरणाला कळत नाही. माणूस बेशुद्धीच्या वाटेवर असताना ते अठ्ठ्याण्णव दाखवू शकते. त्या आकड्यावर विसंबून काच वर करू नये.

चालत जाऊन मदत आणावी काय, असा प्रश्न नेहमी निघतो, विशेषतः घरातल्या कर्त्या पुरुषाच्या मनात. नोव्हेंबर 2006 मध्ये अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात एक कुटुंब चुकीच्या डोंगरी रस्त्याला लागून बर्फात अडकले. आई, वडील, दोन लहान मुली. पेट्रोल असेपर्यंत हीटर, मग टायर जाळून त्यांनी आठवडा काढला. 2 डिसेंबरला वडील मदतीच्या शोधात चालत निघाले. 4 तारखेला हेलिकॉप्टरला मोटारीजवळची आई आणि मुली सुखरूप सापडल्या. वडिलांचा देह 6 तारखेला सापडला. त्यांना दोष देण्याचा अधिकार कोणालाच नाही. आठ दिवस वाट पाहून निघालेला बाप होता तो. पण मोटार वारा अडविते आणि आकाशातून दिसते, माणूस दिसत नाही. दिवा किंवा घर समोर दिसत असेल तर गोष्ट वेगळी. एरवी गाडीतच राहावे. आरशाला तांबडे कापड बांधावे आणि फोनचा विजेरीसारखा वापर न करता तो 112 क्रमांकासाठी राखून ठेवावा.

विजेवर चालणाऱ्या मोटारीत धूर नाही, त्यामुळे हा विषवायूही नाही. तिचा हीटर एक-दोन किलोवॅट घेतो असे धरले तर वीस युनिट शिल्लक असलेल्या बॅटरीवर दहा ते वीस तास निघतात. दोन्ही प्रकारच्या, म्हणजे हायब्रिड मोटारीत मात्र बॅटरी उतरली की इंजिन आपोआप सुरू होते, आणि आत झोपलेल्या माणसाला ते ऐकूही येत नाही. अशा गाडीची नळी पेट्रोलच्या गाडीइतकीच जपली पाहिजे.

आमची सुटका पहाटे तीनच्या सुमारास झाली. पोलिसांनी आणि ड्रायव्हरांनी मिळून चाकांखाली माती टाकून एकेक गाडी खाली सोडली. तोवर तो मुलगा दर तासाला ताट घेऊन उतरत होता आणि आम्ही मुकाट्याने शाल ओढून बसत होतो. सकाळी पैसे देताना पेट्रोलविषयीच्या आमच्या बोलण्याबद्दल आम्ही त्याची क्षमा मागितली. तो हसला आणि म्हणाला, सगळेच बोलतात. मग ताट कशासाठी ठेवतोस असे विचारले, तर म्हणाला, फावडे होते, पण टपावर बॅगा बांधायला जागा हवी म्हणून एका पार्टीने ते हॉटेलात काढून ठेवायला लावले. डिसेंबरात जाणाऱ्यांनी टॅक्सी ठरविताना दर विचारावा, तसे गाडीत फावडे आहे काय हेही विचारावे, आणि असेल तर ते डिकीतच राहू द्यावे.